श्वासाची साक्ष कोणासमोर?

नवीन जालन्यातील एका पित्याने अलीकडेच आम्हाला एक प्रश्न विचारला. प्रश्न वरवर साधा दिसतो, परंतु उत्तर शोधू लागल्यावर शरीअत, शास्त्र आणि घरातला परस्पर विश्वास या तिन्हींचा विचार करावा लागतो. म्हणून तो सर्व वाचकांपुढे ठेवीत आहोत. या गृहस्थांचा एकोणीस वर्षांचा मुलगा औद्योगिक वसाहतीतील एका रोलिंग मिलमध्ये कामाला जातो. पाळी संपवून रात्री घरी येतो तेव्हा त्याच्या कपड्यांना धुराचा वास असतो. विचारले तर म्हणतो, "अब्बा, भट्टीचा धूर आहे." वडिलांचे समाधान होत नाही. त्यांनी ऐकले आहे की हाताच्या पंजात मावणारे एक यंत्र मिळते; त्यात फुंकर मारली की माणूस विडी-सिगारेट ओढतो की नाही हे आकड्यात कळते. तर 'हा फुफ्फुसांचा व्यायाम आहे' असे सांगून मुलाला त्यात फुंकायला लावावे काय? आणि आकडा जास्त आला तर त्याला पुरावा मानावे काय?

प्रथम यंत्र काय करते ते समजून घेऊ. विडी किंवा सिगारेट जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा, रंग नसलेला आणि वास नसलेला वायू तयार होतो. फुफ्फुसांतून तो रक्तात शिरतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटतो. प्राणवायूपेक्षा त्याची ही ओढ दोनशे पटींहून अधिक असते, त्यामुळे ज्या जागी प्राणवायू बसायचा त्या जागा तो अडवून ठेवतो. स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १८९५ साली हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदवले होते. रक्तात गेलेला हा वायू हळूहळू पुन्हा फुफ्फुसांत येतो आणि उच्छ्वासातून बाहेर पडतो. यंत्रासमोर बसलेल्या माणसाला सुमारे पंधरा सेकंद श्वास रोखून धरण्यास सांगतात आणि मग सावकाश फुंकर मारण्यास सांगतात. दहा लाख भागांत या वायूचे किती भाग आहेत तो आकडा पडद्यावर उमटतो. धूम्रपान न करणाऱ्याचा आकडा सामान्यतः अगदी लहान असतो. सहा ते दहाच्या वर गेला की हा माणूस धूम्रपान करीत असावा असे धरतात, आणि दिवसभर ओढणाऱ्याचा आकडा वीस-तीसच्याही पुढे जातो.

श्वासात एवढेच नसते. १९७१ साली लायनस पॉलिंग या शास्त्रज्ञाने माणसाच्या उच्छ्वासात सुमारे अडीचशे निरनिराळे पदार्थ असल्याचे दाखवून दिले, आणि तेव्हापासून ही विद्या वाढतच गेली आहे. धूम्रपान करणाऱ्याच्या श्वासात बेंझीन आढळते, अ‍ॅसिटोनायट्राइल नावाचा पदार्थ आढळतो. कार्बन मोनॉक्साइड काही तासांत निघून जातो. अ‍ॅसिटोनायट्राइल मात्र शेवटच्या सिगारेटनंतर जवळजवळ आठवडाभर रेंगाळते. वेलदोडा चघळून तोंडाचा वास झाकता येतो, रक्तातून आलेला हा वायू वेलदोड्याने झाकला जात नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. श्वासावरून माणसाला दोषी ठरवावे काय, हा प्रश्न यंत्राबरोबर जन्मलेला नाही. आमच्या फुकहांनी तो शेकडो वर्षांपूर्वी हाताळला आहे, मद्याच्या संदर्भात. एखाद्याच्या तोंडाला मद्याचा वास आला, पण पिताना कोणी पाहिले नाही आणि तोही कबूल करीत नाही, तर त्याला शिक्षा देता येईल काय? इमाम मालिक (रह.) यांच्या मते वास हा पुरावा होऊ शकतो. हजरत अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) यांनी हिम्स येथे तोंडाला मद्याचा वास येणाऱ्या एका माणसाला शिक्षा केल्याची नोंद त्याला आधार आहे. परंतु हनफी आणि शाफई विद्वानांनी केवळ वासावर शिक्षा देण्यास नकार दिला. महाराष्ट्रातील बहुसंख्य मुस्लिम हनफी आहेत आणि कोकणातले बहुतेक शाफई, म्हणजे आपल्या घरांत चालत आलेली शिकवण बहुतांशी हीच आहे. त्यांचे म्हणणे असे की कोणी चूळ भरून थुंकले असेल, कोणावर जबरदस्ती झाली असेल, कधी दुसऱ्याच एखाद्या वस्तूचा वास तसा असेल. जिथे शंकेला जागा आहे तिथे शिक्षा नाही.

विडी-सिगारेटसाठी शरीअतने अशी कोणतीही शिक्षा ठरवलेली नाही, हे खरे. पण पुराव्याची ही कसोटी घरातल्या न्यायालाही लागू पडते. बाप हाही घरातला काझीच असतो, आणि त्याच्या निकालावर अपील करायला मुलाला जागा नसते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळातील एक प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आला आहे. हजरत माइज (रजि.) एका गंभीर गुन्ह्याची कबुली देण्यासाठी स्वतःहून आले. प्रेषितांनी (स.) विचारले की याने मद्य तर घेतले नाही ना? तेव्हा एका माणसाने उठून त्यांचा श्वास हुंगला. वास आला नाही. वाचकहो, इथे श्वास कशासाठी हुंगला गेला ते लक्षात घ्या. तो आरोप सिद्ध करण्यासाठी नव्हता. कबुली देणारा शुद्धीवर आहे की नाही, त्याला वाचवण्याची काही वाट आहे की नाही, हे पाहण्यासाठी होता.

इमाम गझाली (रह.) तर याहून नेमके बोलले आहेत. इह्या उलूमिद्दीन या ग्रंथात, सत्कर्माचा आदेश देणे आणि दुष्कर्मापासून रोखणे या प्रकरणात त्यांनी मर्यादा आखून दिली आहे. कोणाच्या घराला कान लावून वाद्यांचा आवाज ऐकू नये, कपडे चाचपून आत काय लपवले आहे ते पाहू नये, शेजाऱ्यांना विचारपूस करू नये, आणि मद्याचा वास येतो का हे कळावे म्हणून हुंगू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. नऊशे वर्षांपूर्वी त्यांनी नाकाला जी मनाई केली, ती आज यंत्राला लागू होत नाही असे म्हणण्यास आम्हाला तरी आधार दिसत नाही. यंत्र म्हणजे अधिक तीक्ष्ण नाकच. दिव्य कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये (४९:१२) संशयापासून दूर राहण्याची आणि एकमेकांची हेरगिरी न करण्याची आज्ञा एकाच आयतीत, एकापाठोपाठ आली आहे. हा क्रम विचार करण्यासारखा आहे. माणूस आधी संशय घेतो, मग तो संशय खरा ठरवण्यासाठी शोध घेऊ लागतो.

नाकाला वास आला तर काय, नाक बंद करून बसायचे काय? नाही. वर उल्लेखिलेल्या हजरत इब्ने मसऊद (रजि.) यांनीच यातला भेद सांगितला आहे. दाढीतून मद्य ठिबकते आहे असे एका माणसाविषयी त्यांना सांगण्यात आले, तेव्हा ते म्हणाले की आम्हाला हेरगिरीची मनाई आहे; मात्र एखादी गोष्ट उघडपणे समोर आली तर आम्ही दखल घेऊ. मुलाच्या कपड्यांना वास आला, ही उघड गोष्ट आहे. वडिलांनी विचारले, हेही योग्यच. पण खोटे कारण सांगून त्याच्या रक्तातले काही बाहेर काढणे ही दुसरी गोष्ट आहे. त्यात हेरगिरी आहे आणि फसवणूकही आहे. जो बाप 'हा व्यायाम आहे' असे खोटे सांगून मुलाचे खोटे पकडतो, त्याने त्या घरात सत्याची बाजू कितीशी बळकट केली?

आणि समजा, आकडा आलाच. उदाहरणार्थ नऊ आला. मग काय सिद्ध झाले? जालना हे लोखंडाचे शहर आहे. इथल्या रोलिंग मिलांत लोखंड पुन्हा तापवून त्याच्या सळया ओढतात, आणि जिथे इंधन जळते व हवा खेळत नाही तिथे कार्बन मोनॉक्साइड असतोच. भट्टीजवळ आठ तास उभ्या राहिलेल्या मुलाचा श्वास सिगारेट न ओढताही वाढीव आकडा दाखवू शकतो. चुलीपुढे भाकरी भाजणाऱ्या आईचाही दाखवू शकतो. इतकेच नव्हे, ज्याला दूध पचत नाही अशाच्या आतड्यांत हायड्रोजन तयार होतो आणि काही यंत्रे त्यालाच कार्बन मोनॉक्साइड समजतात. म्हणजे एक निर्व्यसनी मुलगा पेलाभर दूध पिऊन आल्यामुळे वडिलांच्या नजरेतून उतरू शकतो. हनफी फुकहा ज्याला शंकेची जागा म्हणत होते ती हीच. उलट वाढीव आकड्याचे कारण खरोखर भट्टी असेल, तर मुलाच्या चारित्र्याऐवजी त्याच्या कामाच्या जागेवरील हवेची चौकशी करायला हवी. वडिलांच्या मनात ही काळजी आधी यायला हवी होती, असे आम्हाला स्पष्टपणे सांगावेसे वाटते.

दुसरी बाजूही आहे. यंत्र जिथे गप्प राहते ती जागा आपल्या महाराष्ट्रात फार मोठी आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. त्यांत धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के होते, तर चघळण्याची, दाताला लावण्याची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. तंबाखू-चुना, खर्रा, मिश्री, २०१२ पासून राज्यात बंदी असूनही पुडीतून मिळणारा गुटखा, यांत काहीच जळत नाही; म्हणून श्वासाच्या यंत्रात त्यांचा आकडा शून्याच्या आसपासच राहतो. २०१९ पासून देशात बंदी असलेली ई-सिगारेटही या यंत्राच्या जवळजवळ हाती लागत नाही. ज्या घरात सिगारेटवर बोट ठेवले जाते आणि आजीची मिश्री व चाचांचा गुटखा दुर्लक्षिला जातो, तिथे यंत्राने जेवढे पकडले तेवढाच दोष अशी समजूत व्हायला वेळ लागत नाही. तोंडाच्या कर्करोगाने मोडलेली घरे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. त्या रुग्णांतल्या कितीतरी जणांचा श्वास या यंत्राने निर्मळ ठरवला असता.

तर त्या पित्याला आमचे उत्तर असे आहे की लपवून फुंकायला लावू नका. मुलाजवळ बसा, वासाचे नाव काढा, भट्टीच्या हवेचे विचारा. यंत्र वापरायचेच असेल तर ते काय मोजते हे सांगून, त्याच्या संमतीने वापरा. आणि आधी स्वतः फुंकर मारा. प्रेषितांनी (स.) दिलेला इशारा हजरत मुआविया (रजि.) यांच्या हदीसमध्ये आला आहे की लोकांचे दोष शोधत राहिलात तर तुम्ही त्यांना बिघडवाल. घरोघरी याचा अनुभव येतो. ज्या मुलाला कळले की पाच-सहा तासांत आकडा निम्म्यावर येतो, तो सिगारेट सोडत नाही. फक्त वेळ बदलतो.

इतके वाचून एखाद्या धूम्रपान करणाऱ्या बांधवाला हायसे वाटले असेल. माझा श्वास, माझे फुफ्फुस, कोणी हुंगू नये, असे तो म्हणेल. त्याच्यासाठी पुढचे लिहीत आहोत, कारण हेरगिरीची मनाई त्याच्या दोषाला परवाना देत नाही, आणि ही मनाई जिथवर पोहोचते तिथून पुढे दुसऱ्याचा हक्क सुरू होतो.

कच्चा लसूण किंवा कांदा खाल्लेल्याने आमच्या मशिदीपासून दूर राहावे, हा प्रेषितांचा (स.) आदेश बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. कांदा हलाल आहे, याबद्दल वाद नाही. तरीही शेजारच्या नमाजीला त्रास होतो एवढ्या कारणाने त्याला जमाअतपासून दूर राहण्यास सांगितले गेले. हजरत उमर (रजि.) यांनी तर सांगितले आहे की असा वास येणाऱ्याला मशिदीबाहेर, बकीअपर्यंत नेऊन सोडले जात असे. कांद्याचा नुसता वास येतो, तो कोणाच्या रक्तात शिरत नाही. विडीचा धूर शिरतो. ओसरीवर बाजेवर बसून विडी ओढणाऱ्या आजोबांच्या मांडीवर नातू असेल तर त्या धुराचा वाटा नातवालाही मिळतो, आणि त्याच्या संमतीचा प्रश्नच येत नाही. स्वतःला इजा करू नये आणि दुसऱ्यालाही करू नये, हे हदीसमधले तत्त्व फिकहचा एक मूलाधार आहे. वाहन चालवणाऱ्याला पोलीस थांबवून श्वास तपासतात तेव्हा आपण त्याला हेरगिरी म्हणत नाही, कारण रस्त्यावर दुसऱ्यांचे जीव असतात. २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक जागी धूम्रपानाला मनाई आहे, तीही याच कारणाने. घराच्या चार भिंतींत पोलीस येत नाहीत. तिथे माणसाला रोखणारे एकच असते, ते म्हणजे ईशभय.

आणि स्वतःपुरते? इथे एक जुना इतिहास समजून घ्यायला हवा. तंबाखू आपल्याकडे दख्खनमार्गे पसरली. अकबराच्या दरबारातील असद बेग याने सतराव्या शतकाच्या आरंभी ती विजापूरहून नेऊन बादशहापुढे ठेवली. कुरआन-हदीसमध्ये तिचे नाव असणे शक्यच नव्हते, म्हणून उलेमांत मतभेद झाले. कोणी हराम म्हटले, कोणी मकरूह, कोणी मुबाह. दमास्कसचे मोठे विद्वान अब्दुल गनी नाबुलुसी (मृत्यू १७३१) यांनी तर तिच्या बाजूने स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्या काळी वैद्यांचे एकमत नव्हते, हानी डोळ्यांना दिसत नव्हती, आणि जे दिसत नाही त्यावर हराम म्हणण्यास ते कचरत. त्यांच्या सावधपणाचा आम्ही आदरच करतो. पण तो सावधपणा आज विडीच्या बाजूने उभा करता येत नाही, कारण हानी आता मोजली गेली आहे आणि आपल्याच राज्यात मोजली गेली आहे. मुंबईत १९९१ नंतर सुमारे एक लाख लोकांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करण्यात आला. त्यात तंबाखू न वापरणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांचे मृत्युप्रमाण १.३७ पट आणि विडी ओढणाऱ्यांचे १.६४ पट आढळले. 'विडी पानाची असते, कागदाची नाही' असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी हा दुसरा आकडा पुन्हा वाचावा. तेंदूच्या पानातून हवा नीट शिरत नाही, विडी विझू नये म्हणून झुरके वरचेवर घ्यावे लागतात, आणि कार्बन मोनॉक्साइडही त्या प्रमाणात अधिक आत जातो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सुमारे ६ वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे सुमारे १० वर्षांनी कमी होते असे दिसून आले. स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नये, ही सूरह बकराची (२:१९५) आज्ञा अशा वेळी कोणाला लागू होते हे ठरवायला फार मोठ्या इज्तिहादची गरज नाही.

सूरह कियामहमध्ये (७५:१४-१५) सांगितले आहे की माणूस स्वतःच स्वतःविरुद्ध साक्षी आहे, मग त्याने कितीही सबबी पुढे केल्या तरी. सूरह यासीनमध्ये (३६:६५) तोंडे बंद केली जाण्याचा आणि हातपायांनी साक्ष देण्याचा उल्लेख आहे. ही साक्ष अल्लाहसमोरची आहे. श्वासाच्या यंत्राने त्या साक्षीची एक फार लहानशी झलक माणसाला जिवंतपणीच दाखवली, असे म्हणता येईल. म्हणूनच आमच्या मते या यंत्राचे खरे स्थान मुहासब्यात, म्हणजे स्वतःच्या हिशेबात आहे. ज्याचा श्वास, त्यानेच तो आकडा आधी वाचावा. एखाद्या मशिदीच्या किंवा मोहल्ल्याच्या समितीने आरोग्य शिबिरात असे यंत्र ठेवले तर उत्तमच. पण आकडा ज्याचा त्याला पडद्याआड सांगितला जावा. रांगेतल्या शेजाऱ्याला तो ऐकू जाता कामा नये.

मात्र आकड्यावर फार विसंबूही नये. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा दाखवल्यानेच लोक व्यसन सोडतात याचा भक्कम पुरावा आजवरच्या अभ्यासांत मिळालेला नाही. इंग्लंडमध्ये ५६१ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेला आणि २००८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मात्र वेगळे सांगतो. तिथे फुंकरीचा जोर मोजून काहींना नुसता आकडा कळवला, आणि काहींना तुमचे फुफ्फुस किती वयाच्या माणसासारखे झाले आहे हे सांगितले. वर्षभरानंतर पहिल्या गटातील ६.४ टक्के लोकांनी धूम्रपान सोडले होते, दुसऱ्या गटातील १३.६ टक्के लोकांनी. विशेष म्हणजे ज्यांचे फुफ्फुस चांगले निघाले त्यांनीही तितक्याच प्रमाणात सोडले. आमचा कयास असा की भीतीपेक्षा तिथे दुसरेच काही काम करीत असावे. कोणीतरी समोर बसून, समजेल अशा भाषेत, त्याच्याशी त्याच्याविषयी बोलले होते. तरीही ८६ टक्क्यांहून अधिक लोकांचे व्यसन सुटले नाही, हेही नजरेआड करू नये. त्यांना ज्ञान कमी पडले नव्हते.

आपल्याकडे तर दरवर्षी एक प्रयोग घरोघरी होतो आणि त्याचे मोल आपल्याच लक्षात येत नाही. रमजानमध्ये जालन्यात सहरीपासून इफ्तारपर्यंत तेरा-चौदा तास जातात. रक्तातील कार्बन मोनॉक्साइड साधारण पाच तासांनी निम्मा होतो असे धरले, तर सहरीनंतर शेवटची विडी ओढताना वीस असलेला आकडा सकाळी दहा, दुपारी पाच आणि मगरिबच्या सुमारास तीनच्या आसपास येतो. खजूर तोंडात घालताना वर्षानुवर्षे विडी ओढणाऱ्या रोजेदाराचा श्वास धूम्रपान न करणाऱ्या माणसाच्या जवळ पोहोचलेला असतो. हे त्याने स्वतः करून दाखवले आहे, आणि तीस दिवस रोज करून दाखवले आहे. 'मला दोन तासही जमत नाही' ही सबब त्या वेळी कुठे जाते? मगरिबनंतर दहा मिनिटांत चहाच्या टपरीवर काडी ओढली जाते आणि आकडा पुन्हा चढू लागतो, तो भाग वेगळा.

ज्यांनी अखेरच्या दहा दिवसांत एतिकाफ केला आहे ते आणखी पुढे जातात. मशिदीच्या आत धूर करता येत नाही आणि त्यासाठी बाहेर पडण्याची मोकळीक नाही. त्यामुळे रात्रीची विडीही सुटते. पहिले दोन-तीन दिवस डोके दुखते, चिडचिड होते, झोप नीट लागत नाही. शेजारी बसलेल्याने हे समजून घ्यावे. कार्बन मोनॉक्साइड तर पहिल्या एक-दोन दिवसांतच गेलेला असतो. सर्वांत चिवट म्हणून वर ज्याचे नाव आले ते अ‍ॅसिटोनायट्राइलही आठवडाभरात उतरते. ईदचा चंद्र दिसल्यावर असा माणूस आपली वळकटी घेऊन कुंडलिकेच्या पुलावरून घराकडे निघतो, तेव्हा या यंत्रांना त्याच्या श्वासात सापडण्यासारखे फारसे काही उरलेले नसते.